कांद्याचा पुरवठा वक्र उभा की तिरपा?

प्रश्न : सर, मी नाशिकला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. घरची निफाड तालुक्यात कांद्याची शेती. पुस्तकात लिहिलंय, किंमत वाढली की पुरवठा वाढतो. पण लासलगावला आज भाव चढला म्हणून उद्या वावरात जास्तीचा कांदा कुठून येणार? आकृत्या पाठ आहेत. प्रश्न थोडा फिरवून आला की अडते. काय करू?
— एक विद्यार्थिनी, निफाड

उत्तर : तुला जिथं अडलंय, तिथंच विषय खरा सुरू होतो. त्या वाक्यात ‘किती वेळात?’ हे सांगायचं राहून गेलंय. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी हे मासळीवरून समजावलं. आजची मासळी आज विकायचीच, म्हणून अत्यल्पकाळात पुरवठा जवळपास ठरलेला आणि भाव मागणी ठरवते. जास्त होड्या दर्यावर जायला दिवस लागतात, नव्या होड्या बांधायला त्याहून जास्त.

आता तुमच्या खळ्यावर ये. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. काढला की बाजारात न्यावाच लागतो. त्याचा पुरवठा वक्र, म्हणजे कोणत्या भावाला किती माल बाजारात येतो हे दाखवणारी रेघ, जवळजवळ उभा : भाव काहीही असो, माल तेवढाच. उन्हाळ कांदा मात्र चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने राहतो, म्हणून भाव पाहून तो थांबवता किंवा बाहेर काढता येतो. पीक एकच, वक्र दोन! अर्थात थांबणं फुकट नसतं. वजन घटतं, काही कांदा सडतो, आणि सोसायटीचं कर्ज किंवा मजुरी द्यायची असेल तर चाळ भरलेली असूनही माणूस ट्रॅक्टर जोडतो. मी वर्गात वर्षानुवर्षं पेन-वहीची उदाहरणं दिली, ती आज मला खटकतात. पेन सडत नाही.

परीक्षेत बहुतेक जण चुकतात ते एका शब्दावर. किंमत बदलल्यामुळे मागणी बदलली तर विस्तार किंवा संकोच. आपण त्याच मागणी वक्रावर असतो. दुसऱ्या कारणानं बदलली तर वृद्धी किंवा ऱ्हास, वक्रच सरकतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा बाहेरची मागणी तुटली. हा ऱ्हास, मागणी वक्र डावीकडे. आणि तो हंगाम लाल कांद्याचा! पुरवठा वक्र उभा असल्यामुळे आवक थांबवता येईना, सगळा मार भावावर आला. ही आकृती स्वतः काढून बघ. प्रश्न कितीही फिरवला तरी सुचेल.

सुट्टीत घरी गेलीस की वडिलांना आणि चार-पाच शेजाऱ्यांना विचार : ‘किती भाव मिळाला तर चाळ उघडाल, आणि किती क्विंटल काढाल?’ उत्तरं कमी भावापासून चढत्या क्रमानं लाव, क्विंटलची बेरीज करत जा. भाव उभ्या अक्षावर, क्विंटल आडव्या. पायऱ्या-पायऱ्यांचा वक्र मिळेल. मग हाच प्रश्न लाल कांद्याबद्दल विचार. ‘जो निघेल तो भाव’ असंच बरेच जण म्हणतील, आणि तुझ्या वहीवरची रेघ सरळ वर जाईल.