आधी कम्युनिटी कॉलेज, मग युनिव्हर्सिटी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीला बर्कली आणि यूसीएलए, दोन्हीकडून नकार आला. दुसऱ्या राज्यातल्या प्रायव्हेट कॉलेजचा खर्च झेपणारा नाही. ती म्हणते, डी अँझा कम्युनिटी कॉलेजला जाते. मंडळातल्या लोकांना हे सांगायला जीभ रेटत नाही. ती मागे पडेल का? (एक बाबा, सनीव्हेल)

मंडळात काय सांगायचं ते गणपतीपर्यंत ठरवा, मुलीला मात्र आजच हो म्हणा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात. डी अँझा क्वार्टरवर, म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान टर्मवर चालतं, तिथे हाच दर ३१ डॉलर. दोन वर्षांच्या ९० युनिटचे झाले २,७९० डॉलर. पुस्तकं, पार्किंग वेगळं. त्यानंतर युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होताना यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया; बर्कली, यूसीएलए हे तिचेच कॅम्पस) शाळेतले मार्क धरत नाही, आणि डिग्रीवर नाव शेवटच्या युनिव्हर्सिटीचंच येतं. यूसीत ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांतले बहुतेक जण याच कॉलेजांतून आलेले असतात.

प्रश्न : टॅग म्हणजे ट्रान्सफरची गॅरंटी ना? मग बर्कलीच्या कॉम्प्युटर सायन्ससाठी टॅग भरू का? आणि मेजर (मुख्य विषय) दुसऱ्या वर्षी ठरवलं तर चालेल? (एक विद्यार्थी, फ्रीमाँट)

गॅरंटी आहे, पण तुला वाटते तशी नाही. टॅग देणारे यूसीचे कॅम्पस सहा: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली त्यात नाही. सहांपैकी एकाच ठिकाणी टॅग भरता येतो, तोही सप्टेंबर महिन्यातच, आणि त्यानंतर यूसीचा नेहमीचा अर्ज करावाच लागतो. शिवाय सगळे मेजर त्यात बसत नाहीत. उदाहरणार्थ, सांता बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला टॅग लागू नाही. कॉम्प्युटर सायन्सचं तर प्रत्येक कॅम्पसचं त्या वर्षाचं पान उघडूनच बघ.

मेजर दुसऱ्या वर्षी ठरवायचा विचार मात्र डोक्यातून काढ. पोरं अडकतात ती इथेच. बोलायला दोन वर्षं, पण अर्ज जातो दुसरं वर्ष सुरू होताहोता, म्हणजे दाखवायला हातात जेमतेम एका वर्षाचे ग्रेड असतात. तुझ्या मेजरचे गणिताचे कोर्स एकाला एक जोडून येतात. कॅल्क्युलसचे भाग ओळीने करायचे, मग लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. फिजिक्सलाही आधी कॅल्क्युलस लागतं. पहिल्या टर्मला प्रीकॅल्क्युलस करावं लागलं तर पुढचं सगळं सरकतं आणि दोनाची अडीच-तीन वर्षं होतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त ते पहिल्या महिन्यात कळायला हवं.

‘असिस्ट’ नावाची साइट आहे. तिथे तुझं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी आणि मेजर निवड. तुझ्या कॉलेजातला कोणता कोर्स तिकडच्या कोणत्या कोर्साच्या जागी चालतो ते दिसेल. त्याची प्रिंट घेऊनच कौन्सेलरकडे जा. मित्रांनी सुचवलेला सोपा प्रोफेसर त्या यादीबाहेरचा कोर्स शिकवत असेल, तर तुझ्या काही कामाचा नाही. आणि सी मिळालेला कोर्स ग्रेड वाढवायला पुन्हा घेऊ नकोस. यूसी दुसरा ग्रेड धरते ती पहिला सी-मायनस, डी किंवा एफ असेल तेव्हाच.

प्रश्न : हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे कोर्स घेतले, तर मुलगा यूसीसाठी ट्रान्सफर ठरतो का? (एक आई, सॅन रमोन)

नाही, फ्रेशमनच (थेट पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारा) राहतो. निर्धास्त घेऊ द्या. पण ते ग्रेड कायमचे त्याच्या नावावर राहतात, एवढं त्याच्या कानावर घाला.

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. एजंट म्हणतो, कम्युनिटी कॉलेजमार्गे निम्म्या पैशांत अमेरिकन डिग्री होते. खरं का? (पालक, कोथरूड)

एजंटाकडून चारही वर्षांचा हिशेब कागदावर घ्या. वर सांगितलेला ४६ डॉलरचा दर तुमच्या मुलाला मिळणार नाही. त्यावर नॉनरेसिडेंट फी, म्हणजे राज्याबाहेरच्यांना लागणारी जादा फी भरावी लागेल. तरीही पहिली दोन वर्षं युनिव्हर्सिटीपेक्षा बरीच स्वस्त पडतात, हे खरं. पुढे यूसीत गेला, की परदेशी विद्यार्थी म्हणून नेहमीच्या फीवर वर्षाला ३४ हजार डॉलरहून जास्त वेगळे. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेल नसतं, आणि बे एरियातलं खोलीभाडं एजंटाच्या पत्रकात सहसा छापलेलं नसतं.

जमेची बाजू म्हणजे टॅग परदेशी विद्यार्थ्यांनाही खुला आहे. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर दर टर्मला साधारण १२ युनिट घ्यावे लागतात आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच धरतात. व्हिसाच्या मुलाखतीत ‘कम्युनिटी कॉलेजच का?’ असं विचारलं, तर पुढे कुठे आणि कोणत्या मेजरला जायचंय हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, एच-४ वर (नोकरीच्या एच व्हिसावरच्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे. तिला रेसिडेंट फी (राज्यातल्या रहिवाशांचा दर) लागेल का? (एक आई, सांता क्लारा)

लागू शकते. एच-४ वर कॅलिफोर्नियाची रेसिडेन्सी सिद्ध करता येते; त्यासाठी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचे आणि इथेच राहायचा इरादा असल्याचे कागद लागतात. अडचण पुढे आहे. २१ पूर्ण झाले की एच-४ संपतो, आणि तुमच्या मुलीचं ट्रान्सफर नेमकं त्याच सुमारास येतंय. एफ-१ वर गेल्यास रेसिडेन्सी मिळत नाही, तेव्हा यूसीच्या पहिल्याच बिलात फी कित्येक पटींनी वाढू शकते. ती २० ची व्हायच्या आत इमिग्रेशन वकिलाला भेटा, आणि ज्या ज्या युनिव्हर्सिटीत अर्ज करणार तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसला, मध्येच व्हिसा बदलला तर फी कशी लावणार, हे लेखी विचारून ठेवा.