शेत कोणाचं, कसत कोण होतं?

इंग्लंडमधले तुमचे पूर्वज कोणतं शेत कसत होते हे शोधायला तुम्ही थेट 1841च्या जनगणनेला हात घातलात, तिथेच घोटाळा झाला. त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणून तुमचे पणजोबांचे आजोबा 1851च्या जनगणनेपर्यंतच्या दहा वर्षांत चौदा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसतात. आधी 1851 बघा. त्यात जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) आणि कुटुंबप्रमुखाशी नातं मिळतं. शेतकऱ्यापुढे बऱ्याचदा किती एकर, किती मजूर हेही असतं. 'ॲग लॅब' वाचून चक्रावू नका, तो शेतमजूर.

घराचा पत्ता मात्र जनगणनेत बऱ्याचदा नुसता गावापुरताच सापडतो. तिथे टाइद, म्हणजे दशांशाचे, नकाशे कामी येतात. 1836च्या कायद्याने चर्चला धान्यात द्यायचा दशांश रोखीत बदलला आणि त्यासाठी गावोगावी मोजणी झाली. नकाशावरचा क्रमांक सोबतच्या तक्त्यात शोधायचा: मालक, कसणारा, शेताचं नाव, क्षेत्र. आपल्या सातबाऱ्याची चुलतबहीणच म्हणा! मालकाच्या रकान्यात आडनाव नाही म्हणून हिरमुसू नका. बहुतेक शेतकरी कुळंच होते, कसणाऱ्याच्या रकान्यात बघा. आधीच्या एन्क्लोजरमध्ये (सामाईक जमिनी वाटून कुंपणं घातली तेव्हा) दशांश मिटला असेल, तर त्या गावाचा टाइद नकाशा मिळणारही नाही.

आणि हो, 1813पासूनच्या छापील बाप्तिस्मा नोंदवहीत बापाचा धंदा व राहण्याचं ठिकाण असे रकानेच आहेत. सगळ्या भावंडांच्या नोंदी काढा, एकट्या पूर्वजाची नको. कुटुंब कधी कुठे हललं ते त्यातूनच कळेल.