हेडलाइटची काच घासून स्वच्छ केली तरी ती पुन्हा पिवळी का पडते? टिकाऊ उपाय कोणता?

टूथपेस्टने घासून स्वच्छ केलेले हेडलाइट दोन महिन्यांत पुन्हा पिवळे पडले, असे आपण लिहिले आहे. माझ्याही गाडीच्या बाबतीत पहिल्या खेपेला हेच घडले होते, म्हणून कारणापासून सुरुवात करतो.

आपण जिला काच म्हणतो, ती अलीकडच्या बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक आघात उत्तम सोसते, पण त्याचा पृष्ठभाग मऊ असतो आणि उन्हातील अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो. म्हणूनच कारखान्यात त्यावर एक पातळ, कडक संरक्षक थर चढवलेला असतो. ऊन, धूळ आणि बारीक खडी यांच्या माऱ्याने काही वर्षांनी हा थर विरतो आणि काच धुरकट दिसू लागते. टूथपेस्टमधील बारीक, खरखरीत कणांनी वरचा पिवळेपणा निघतो, पण त्याबरोबर उरलासुरला थरही निघून जातो, आणि उघडे पडलेले प्लास्टिक आधीपेक्षा लवकर खराब होते. थोडक्यात, घासणे हे अर्धेच काम आहे. गेलेला थर पुन्हा चढवणे हे उरलेले अर्धे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे.

काम हाती घेण्यापूर्वी काचेवर ओला हात फिरवून पाहा. पाण्याने पृष्ठभागावरचे सूक्ष्म खड्डे भरतात, त्यामुळे तेवढ्यापुरती काच नितळ दिसली तर दोष बाहेरचा आहे आणि तो दूर करता येईल. ओली असतानाही ती धुरकटच राहिली, तर दोष आतल्या बाजूला किंवा प्लास्टिकमध्ये खोल गेलेल्या तड्यांत आहे, आणि तो बाहेरून कितीही घासले तरी जाणार नाही. आत पाण्याचे थेंब साचत असतील तर तो सीलचा प्रश्न आहे; तो आधी सोडवावा.

काच साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या आणि भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन पदर लावा, कारण घासण्याच्या पेपरचा एक चुकार फटकाही बॉनेटच्या रंगावर कायमचा दिसतो. मग ६०० किंवा ८०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद (नंबर जितका मोठा, तितका तो बारीक), घेऊन, पाणी मारत राहून, एकाच दिशेने घासावे. सुरुवातीला ओघळणारे पाणी पिवळसर असते. ते शुभ्र दुधाळ येऊ लागले आणि काच सगळीकडे सारखी मॅट दिसू लागली, की जुना थर निघाला असे समजावे. मध्येच चकचकीत ठिपके दिसत असतील तर तेथे तो थर अजून शिल्लक आहे. येथे घाई करू नये, कारण या टप्प्यावर राहिलेली कसर पुढे कशानेही भरून निघत नाही. त्यानंतर १०००, १५०० आणि २००० असे पेपर घ्यावेत आणि प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या पेपरचे आडवे ओरखडे उभ्या घासण्यात पुरते गेले की नाही, ते डोळ्यांना दिसते. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड वापरावे. मशीन वापरत असाल तर ते एका जागी थांबवू नका. उष्णतेने प्लास्टिक मऊ पडून खराब होते.

यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच पुसून, तिला पुन्हा बोट न लावता, अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, चढवा. फडक्याने लावायचे प्रकार सोपे असतात. हार्डनर (थर कडक करणारे द्रव्य) मिसळून मारायचा स्प्रे अधिक टिकतो, परंतु त्यात बहुधा आयसोसायनेट नावाची रसायने असतात आणि ती फुप्फुसांना घातक असतात, म्हणून तो योग्य मास्क लावून आणि मोकळ्या हवेतच मारावा, अन्यथा मारूच नये. नुसत्या वॅक्सवर विसंबू नका. ते काही धुण्यांतच निघून जाते.

डास पळवणारे मलम लावले की काच झटक्यात चमकते असे सांगितले जाते. त्यांपैकी अनेकांत डीईईटी हे द्रव्य असते, जे पॉलिकार्बोनेटचा वरचा पापुद्रा विरघळवते. ती चमक म्हणजे प्लास्टिकची झालेली हानी आहे. थिनर, ॲसिटोन आणि पेट्रोल यांपासूनही काच दूर ठेवा, कारण त्यांनी तिच्यात बारीक तडे जातात.

कोट पूर्ण वाळेपर्यंत, डब्यावर दिलेला वेळ पाळून, गाडी धुऊ नका. पुढे कधी त्याच्या कडा सुटू लागल्या, तर त्यावरच दुसरा हात न मारता तो पेपरने पूर्ण काढावा आणि मगच नवा चढवावा.