तुम्ही असतानाच त्याला दुसरं घर मिळू दे

'मी ६४ वर्षांची. मुलगा ३१ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला. हे गेल्या वर्षी गेले. माझे गुडघे आता साथ देत नाहीत. मुलगी म्हणते, याच्यासाठी चांगली निवासी संस्था बघू. जाऊबाई म्हणाल्या, "पोटच्या पोराला आश्रमात टाकणार?" तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. काय करू?'
– सांगलीची एक आई

ताई,

जाऊबाईंचा तो 'टाकणार' तुमच्या काळजात रुतलाय. आपण पोरांना शाळेत टाकतो, क्लासला टाकतो, तेव्हा कुणी नावं ठेवत नाही. तुमच्या लेकाच्या वाट्याला आला की तोच शब्द बोचरा होतो.

मला खरी भीती वेगळीच वाटते. आज काहीच ठरवलं नाही आणि उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात, तर त्याची आई, त्याचं घर, सकाळच्या चहाची वेळ, सगळं एकाच दिवशी सुटेल. आता गेला तर तुम्ही भेटायला जाल, गणपतीला घरी आणाल, काही खटकलं तर भांडाल. रुळायला त्याला आईची सोबत असेल.

पुण्याजवळ मुळशी तालुक्यात कोळवणला १९९४ सालापासून 'साधना व्हिलेज' ही तुमच्या लेकासारख्यांची निवासी संस्था आहे. तिथल्या प्रौढांना 'विशेष मित्र' म्हणतात. बदलापूरची 'आधार' तर अशा मुलांच्या पालकांनीच उभी केली. 'आमच्यानंतर काय' हा तुमचाच प्रश्न त्यांनाही जाळत होता. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ १९४० साली सुरू झालेल्या 'कॅम्पहिल'मध्ये सांभाळणारे आणि ही मंडळी एकाच घरात राहू लागली, एकत्र जेवू लागली, बागेत एकत्र राबू लागली. ते सुरू करणारे डॉ. कार्ल कोनिग आणि त्यांचे सोबती नाझींमुळे व्हिएन्ना सोडून आलेले निर्वासित होते. स्वतःचं घर गेलेल्यांनी हे घर मांडलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

सगळ्याच संस्था अशा नसतात. काही ठिकाणी नुसत्या खाटांच्या रांगा असतात. म्हणून जेवणाच्या वेळेला जा. ताटं कोण वाढतं, कर्मचारी सोबत जेवतात का, ते बघा. रात्री कोण असतं, दिवसभर हाताला काय काम असतं, ते विचारा. भेटीगाठींवर फार बंधनं असतील तर सरळ मागे फिरा.

एक मात्र मला खटकलं. जाऊबाई काय म्हणाल्या, मुलगी काय म्हणाली, हे तुमच्या पत्रात आहे. त्याला काय हवंय, ते कुठेच नाही. त्याला सोबत न्या. बोलून सांगता आलं नाही तरी तिथे तो जेवतो कसा, कुणाजवळ जाऊन बसतो, यावरून तुम्हाला कळेल. आधी आठ-पंधरा दिवसच ठेवून बघा. त्याची रोजची गोधडी बरोबर द्या.

आणि कायद्याचं काम लांबणीवर टाकू नका. मूल १८ वर्षांचं झालं की आईसुद्धा आपोआप त्याची कायदेशीर पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. तिथे अर्ज करा. तुमच्यानंतर जबाबदारी घेशील का, हे लेकीला समोर बसवून विचारा. ती घेईलच असं धरून चालू नका.

दोन-तीन ठिकाणं बघून आलात की पुन्हा लिहा. तो कुठे रमला, ते आधी सांगा.

तुमची,
ताई