टचस्क्रीन ड्रायव्हरचं काम शिकायचंय: फी भरावी का?

प्रश्न : मुलगी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी टचस्क्रीन ड्रायव्हर (टचस्क्रीन चालवणारे प्रोग्रॅम) लिहायचे म्हणते. एका महागड्या कोर्सची चौकशी केली आहे. फी भरू का? यात नोकरी मिळते का? – एक पालक, नाशिक

उत्तर : तूर्त भरू नका. तिची सी भाषा, विशेषतः पॉइंटर, पक्की असेल तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि गुडिक्स जीटी९११ चिपचं टच पॅनेल घेऊन द्या. या चिपचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीच आहे, म्हणूनच ती निवडायची. कंपन्यांत कोरा ड्रायव्हर क्वचितच लिहावा लागतो; असलेला ड्रायव्हर नव्या बोर्डावर चालता करणं हेच बहुतेक काम असतं.

जोडणी झाली की आयटूसी-डिटेक्ट (आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरच्या चिप शोधणारी कमांड) चालवायचं. चिप ५डी किंवा १४ या हेक्स (सोळा-आधारी) पत्त्यावर दिसते. रीसेट सोडताना इंटरप्टची (स्पर्श झाल्याचा इशारा देणारी) पिन लो असेल तर ५डी, हाय असेल तर १४. डिव्हाइस ट्रीत (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीत) एक पत्ता आणि चिप दुसऱ्यावर, इथे नवखी मुलं हमखास अडकतात. रीसेट आणि इंटरप्ट या दोन्ही पिना डिव्हाइस ट्रीत दिल्या, तर ड्रायव्हर रीसेटचा हा क्रम स्वतः पाळतो. स्पर्श आडवा-उभा उलटा येत असेल तर कोडला हात लावायचा नाही. अक्ष बदलायची प्रॉपर्टी डिव्हाइस ट्रीतच आहे.

हे जमलं की त्याच चिपसाठी स्वतःचा छोटा ड्रायव्हर लिहायला सांगा. खरं शिक्षण तिथे होतं. आयटूसीवरून वाचताना कोड थांबतो, म्हणून वाचन थ्रेडेड इंटरप्टमध्ये (थांबू शकणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये) हवं. वाचून झाल्यावर ८१४ई या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या नोंदीच्या जागेत) शून्य लिहायचं राहिलं, तर नवे स्पर्श येत नाहीत. बोट उचलल्यावर ट्रॅकिंग आयडी (त्या बोटाचा क्रमांक) –१ पाठवला नाही, तर स्क्रीनला बोट टेकलेलंच वाटत राहतं. ईव्हीटेस्ट या इनपुट तपासायच्या साधनात हे लगेच दिसतं.

मग कर्नलमधली एखादी छोटी, खरी चूक शोधून पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवायचा: आधी चेकपॅचने तो तपासायचा, मग गिट सेंड-ईमेलने पाठवायचा. परीक्षण करणारे खोड्या काढतील. त्या दुरुस्त करून दुसरी आवृत्ती पाठवायची. स्वीकारलेला पॅच तिच्या नावाने कायम नोंदला जातो. मुलाखतीत त्याचं वजन कोर्सच्या प्रमाणपत्राहून कितीतरी जास्त.

नोकऱ्या आहेत, पण नुसत्या टचस्क्रीनच्या नाहीत. पुणे-बंगळुरूत गाड्यांचे डिस्प्ले, वैद्यकीय उपकरणं अशा कामांसाठी ‘एम्बेडेड लिनक्स’ किंवा ‘बीएसपी (बोर्ड सपोर्ट पॅकेज) इंजिनिअर’ या नावाने शोधा.