लक्ष्मण पै यांना हुबेहूब चेहरा काढता येत नव्हता का?

तुमची मुलगी यंदा पणजीला कला महाविद्यालयात जायला लागली, तिने आणलेल्या पुस्तकात तुम्ही गोव्याचे चित्रकार लक्ष्मण पै यांची चित्रं बघितलीत आणि विचारलंत : माणसं अशी चपटी, डोळे माशासारखे, या गृहस्थांना साधा चेहरा जमत नव्हता का? मी फोंड्याला शाळेत चित्रकला शिकवायचो. हा प्रश्न मला पालकांनीच जास्त विचारला, मुलांनी कधी नाही.

जमत होता. किंबहुना सुरुवात तिथूनच झाली. जन्म १९२६चा, मडगावचा. मामांचा मावजो फोटो स्टुडिओ होता, तिथे पोरवयात ते काळ्यापांढऱ्या फोटोंवर तैलरंग चढवायचे. आमच्याकडे आजीचा तसला एक फोटो आहे. गालांवर गुलाबी, कुड्यांवर पिवळा ठिपका, नऊवारीचा काठ हिरवा. काठ जांभळा होता हे आई मरेपर्यंत सांगत राहिली. (फोटो पैंनीच रंगवला, असं काका म्हणतात. मडगावात असा फोटो असलेलं प्रत्येक घर तेच म्हणतं.) या कामात चेहरा इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक पैसे देत नाही.

पुढे मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय, तिथे १९४७ साली मेयो पदक. गोवामुक्तीच्या चळवळीत तुरुंगवारीही झाली. १९५१ साली पॅरिसला गेले ते दहा वर्षं राहिले. तिथे भित्तिचित्रण आणि एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापायची पद्धत) शिकले. म्हणजे हुबेहूब काढण्याची कला हातात घेऊनच त्यांनी ती बाजूला ठेवली.

तुम्हाला खटकलेला डोळा बघा. चेहरा बाजूने, डोळा मात्र समोरून, पुरता. इजिप्तच्या भिंतींवर असा डोळा आहे, आपल्या जुन्या जैन पोथ्यांतही आहे. आणि लांब कशाला, गोव्यातल्या जुन्या देवळांत कावीची चित्रं असतात ना, ओल्या चुन्यावर लाल काव चढवून खरवडलेली, त्यांत तरी सावली कुठे असते? पैंनी तिथून उचललं असं मी म्हणत नाही. पण त्यांची माणसं चपटी म्हणणाऱ्याने देवळातून येताना भिंतीकडेही बघावं.

सावली गेली की सगळा भार रेषेवर येतो. गीतगोविंद, रामायण, बुद्धचरित्र या मालिका त्याच रेषेवर उभ्या आहेत. रागांवरची चित्रंही त्यांनी केली. ती मला सगळीच भिडत नाहीत, एखाद्या चित्रात राग कमी आणि नक्षी जास्त वाटते. गोव्यातला कोळी किंवा बाई आली की मात्र हात मोकळा सुटतो.

१९७७ ते १९८७ ते तुमच्या मुलीच्याच कॉलेजचे प्राचार्य होते. २०१८ साली पद्मभूषण मिळालं, २०२१च्या मार्चमध्ये गेले, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी.

मुलीला एक करायला सांगा. पुस्तकातल्या एखाद्या चेहऱ्यावर ट्रेसिंग कागद ठेवून नुसती रेषा गिरवायची, कपाळापासून नाक, ओठ, हनुवटी, गळा. पेन्सिल कुठे उचलावी लागते ते बघू दे. मी सातवीच्या वर्गाला हे करायला दिलं होतं. एक पोरगा गळ्याच्याही खाली खांद्यापर्यंत गेला आणि म्हणाला, सर, थांबायचं कुठे?