पुस्तकातले बाबा रोज घरी येतात

*ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. आम्ही नवराबायको वेगळे झालो आहोत. ती माझ्याकडे असते, शनिवार-रविवारी वडिलांकडे जाते. सध्या तिला एकाच पुस्तकमालिकेचं वेड लागलंय. आई, बाबा, दोन भावंडं आणि एक मांजर. कुणाचा दात पडतो, कुणी रुसतं, पाहुणे येतात, संपली गोष्ट. परवा वाचता वाचता म्हणाली, "यांचे बाबा रोज घरी येतात." मला काही सुचेचना. पुढचा भाग आणून ठेवला होता, तो कपाटावर लपवलाय. अशी पुस्तकं देऊन मी तिच्या जखमेवर मीठ तर चोळत नाहीये ना? – एक आई*

आधी ते पुस्तक खाली काढा. लपवलेली वस्तू मुलांना बरोबर सापडते, आणि मग "आईने हे का लपवलं?" याचं उत्तर शोधत बसावं लागेल. ते जास्त अवघड आहे.

आता तिचं वाक्य. "यांचे बाबा रोज घरी येतात." त्यापुढचं "मग आपले का नाही?" हे तुम्ही मनात जोडलंत. साहजिक आहे, तुमच्या जागी कुणालाही तेच ऐकू आलं असतं. पण तिने ते विचारलेलं नाही. कदाचित तिला फक्त फरक दिसला आणि तो तिने बोलून दाखवला. अशा वेळी "हो गं, येतात खरे. तुला काय वाटतं वाचताना?" एवढं पुरतं. ती "काही नाही" म्हणून पान उलटेल, नाहीतर रडेल. रडली तर जवळ घ्या, समजावू नका. "बाबा रोज इथे नसतात याचं मलाही कधीकधी वाईट वाटतं" असं म्हटलंत तरी काही बिघडत नाही. बाबांबद्दलची तक्रार मात्र त्यात नको.

या वयाची मुलं असल्या 'काहीच न घडणाऱ्या' गोष्टींना का चिकटतात, ते जरा सांगते. एकेक प्रकरण पाच-दहा पानांचं आणि त्यात एकच भानगड. समजा, धाकटीने ताईच्या चित्रावर रंग सांडला आणि मांजरावर ढकललं. मांजराचे पंजे स्वच्छ, त्यामुळे पकडली गेली. ताई बोलेनाशी झाली, आई रागावली. आणि प्रकरण संपेपर्यंत सगळी पुन्हा एकाच टेबलाशी. तुमची लेक दर आठवड्याला पिशवी भरून एका घरातून दुसऱ्या घरात जाते. तिला त्या टेबलापेक्षा ते "पुन्हा" हवं असेल, असं मला वाटतं. चिडलेली माणसं परत बोलतात, हे तिला हव्या तितक्या वेळा पडताळून पाहता येतं. शिवाय ती आता एकटीने मोठी पुस्तकं वाचायला लागली आहे. माणसं आणि घर ओळखीचं असलं की सगळं लक्ष वाक्यांकडे देता येतं. म्हणून मालिका, म्हणून तेच पुस्तक परत परत. त्याला वेड म्हणू नका, वाचन असंच पक्कं होतं.

आणि अशा गोष्टी गुळमुळीतच असतात असंही नाही. बेव्हर्ली क्लिअरी या अमेरिकन लेखिकेचं 'रमोना अँड हर फादर' १९७७ सालचं. रमोनाच्या वडिलांची नोकरी जाते, पैशाची ओढाताण होते, घरात सगळे चिडचिडे होतात. तरी पोरगी बाबांची सिगारेट सोडवायच्या मागे लागलेलीच! पुढे दोन मुलांनी, एकमेकांची ओळख नसताना, क्लिअरींना कळवलं की आईवडील वेगळे झालेल्या मुलावर लिहा. त्यातून १९८३ मध्ये 'डिअर मिस्टर हेन्शॉ' आलं. त्यातले वडील फोन करतो म्हणतात आणि करत नाहीत. शेवटी आईवडील एकत्रही येत नाहीत. मला तो शेवट फार प्रामाणिक वाटतो. पण हे वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षानंतर वाचायचं पुस्तक आहे, आत्ता घाई नको. आणि देताना औषधासारखं देऊ नका. "हे बघ, तुझ्यासारखाच मुलगा" म्हणून हातात ठेवलेलं पुस्तक मुलं उघडतही नाहीत. इतर पुस्तकांत मिसळून ठेवा. फक्त आई असलेलं घर, आजीआजोबांकडचं घर, दोन घरं, अशाही गोष्टी त्यात असू द्या.

राहता राहिलं तुमचं. खरं सांगू? ते जेवणाचं टेबल बहुधा तिच्यापेक्षा तुम्हाला टोचतंय. तुमचंही काही गेलंय, तेव्हा टोचणारच. त्याबद्दल बहिणीशी, मैत्रिणीशी, जमलं तर समुपदेशकाशी बोला. तिच्या पुस्तकावर तो राग निघायला नको.

तिच्या वडिलांशी तुमचं निदान कामापुरतं बोलणं असेल, तर या मालिकेतला एखादा भाग त्यांच्याकडेही राहू द्या. शनिवारी रात्री त्यांनी एक प्रकरण वाचून दाखवावं. मांजराचा आवाज त्यांना नीट काढता आला नाही, तर ती शिकवेल.